एका नळीत एक परार्ध

हाताच्या शिरेतून पाच मिलिलीटर रक्त काढून नळी थोडा वेळ उभी ठेवली, की गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर सीरम उरतं. साधारण अडीच मिलिलीटर. या अडीच मिलिलीटरमध्ये आयजीजी जातीची प्रतिपिंडं, म्हणजे आपण आता सर्रास ज्यांना अँटिबॉडी म्हणतो ते रेणू, किती असतील याचा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्रावर मांडता येतो. निरोगी माणसाच्या एक लीटर सीरममध्ये सुमारे १० ग्रॅम आयजीजी असतं. त्याच्या एका रेणूचं वजन हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे दीड लाख पट. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येतं: एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकंपासून अठरा स्थानांची नावं दिली आहेत, त्यातलं हे शेवटचं स्थान. परार्ध.

परार्धभर तांदळाचे दाणे घेतले आणि एका दाण्याचं वजन वीस मिलिग्रॅम धरलं, तर दोनशे कोटी टन तांदूळ भरेल. सगळं जग चार वर्षांत पिकवतं तेवढा. आणि बोटभर नळीतली ही संख्या फक्त एका जातीच्या प्रतिपिंडांची आहे. साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात एकूण आयजीजी सुमारे ६० ग्रॅम असतं. निम्मं रक्तात, निम्मं रक्ताबाहेर, ऊतींमध्ये. तीन आठवड्यांत त्यातलं अर्धं झिजून जातं, म्हणून शरीर रोज सुमारे २ ग्रॅम नवं घडवतं. सेकंदावर आणून पाहिलं तर हे होतात ९० लाख कोटी रेणू. झोपेतही, जेवतानाही, दर सेकंदाला.

विविधतेचा आकडा याहून मोठा आहे. २०१९ साली दहा माणसांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचे सुमारे तीन अब्ज जनुकीय क्रम वाचले गेले. त्यावरून केलेला अंदाज असा, की माणसाचं शरीर एकावर अठरा शून्यं इतक्या वेगवेगळ्या घडणीची प्रतिपिंडं बनवू शकतं. म्हणजे दहा परार्ध प्रकार. कोणत्याही एका माणसात ते सगळे कधीच नसतात, कारण तेवढ्या पेशीच अंगात नाहीत. पण पृथ्वीवर अजून जन्मालाही न आलेल्या विषाणूला चिकटेल असं काहीतरी त्या साठ्यातून निघण्याची शक्यता असते. ही व्यवस्था समजून घेताना मला आजही थक्क व्हायला होतं.

आता या अफाट व्यवहारातून लॅबच्या रिपोर्टवर काय उमटतं? एक आकडा. समजा १८७. शेजारी एकक, त्याखाली ‘पॉझिटिव्ह’. २०२० आणि २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत असे रिपोर्ट वाचले गेले, व्हॉट्सअॅपवर फिरले, भावाभावांत तुलना झाली. कुणी तो आकडा पाहून मास्क काढून ठेवला, कुणाचा कमी आला म्हणून रात्रभर झोप लागली नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच होता: मला आता पुन्हा होणार नाही ना? त्या आकड्याला या प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं, आणि हे सांगायला फारसं कुणी जवळ नव्हतं. आकडा खोटा नव्हता. तो प्रतिपिंडं मोजत होता. प्रतिपिंडं आणि संरक्षण यांच्यातलं अंतर दर विषाणूगणिक बदलतं. गोवरात ते जवळजवळ नाहीच, कोविडमध्ये बरंच आहे, आणि डेंग्यूत ते उलट दिशेलाही जातं.

आधी तो आकडा तयार कसा होतो ते पाहू. प्लॅस्टिकच्या एका खोलगट कप्प्यात किंवा सूक्ष्म मण्यांवर विषाणूचं एखादं प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यावर आपलं थेंबभर सीरम सोडतात. ज्या प्रतिपिंडांना ते प्रथिन ओळखता येतं ती चिकटून बसतात, बाकीची धुतली जातात. मग चिकटलेल्यांना ओळखणारं दुसरं रसायन घालतात. ते रंग किंवा प्रकाश देतं. यंत्र तो प्रकाश मोजतं आणि त्याचा आकडा करतं. म्हणजे चाचणी विचारते ते एवढंच: या प्रथिनाला चिकटणारं काही आहे का, आणि साधारण किती? चिकटल्यावर विषाणू निकामी होतो की नाही, हे इथे विचारलेलंच नाही.

शिवाय प्रथिन कोणतं, हाही प्रश्न आहेच. कोरोना विषाणूच्या अंगावरचे काटे म्हणजे एस प्रथिन, आणि त्याच्या आतल्या जनुकद्रव्याला गुंडाळणारं ते एन प्रथिन. आजार होऊन गेला की दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडं बनतात. कोविशिल्डने मात्र फक्त एस प्रथिनाविरुद्ध बनतात, कारण त्या लशीत दुसरं प्रथिनच नाही. त्यामुळे कोविशिल्डचे दोन डोस घेतलेल्या आणि कधीच आजारी न पडलेल्या माणसाने एन प्रथिनाची चाचणी केली, तर रिपोर्ट स्वच्छ ‘निगेटिव्ह’ येणार. लस उत्तम लागू पडलेली असतानाही. कोवॅक्सिन मारलेल्या पूर्ण विषाणूपासून केलेली, त्यामुळे तिथे गणित वेगळं. रिपोर्टवर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, किंवा नसायचं.

एककांचा घोळ तर विचारू नका. रॉशच्या एका प्रचलित चाचणीत ०.८ युनिटच्या वर गेलं की पॉझिटिव्ह. अॅबटच्या एका चाचणीत ५० युनिटच्या वर. एकाच माणसाचं रक्त दोन लॅबमध्ये गेलं तर एका कागदावर १०० आणि दुसऱ्यावर सुमारे ७००, आणि दोन्ही बरोबर. ही गोंधळाची भाषा एक व्हावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये एक प्रमाण नमुना ठरवला. कोविडमधून बऱ्या झालेल्या अकरा माणसांचं रक्तद्रव एकत्र करून तो तयार झाला, आणि त्यातल्या एका मिलिलीटरमध्ये १००० एकक प्रतिपिंडं आहेत असं जाहीर केलं गेलं. कोट्यवधी लोकांच्या रक्ताची मोजपट्टी त्या अकरा जणांच्या रक्तावर उभी राहिली.

चिकटण्याच्या पुढे जाऊन, विषाणू खरोखर थांबतो का हे पाहणारी चाचणी वेगळी, आणि ती कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी, बंदिस्त सुरक्षित प्रयोगशाळेत, सीरम दुप्पट-दुप्पट पातळ करत नेतात: दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट. प्रत्येक पायरीत मोजून जिवंत विषाणू मिसळतात आणि ते मिश्रण पेशींच्या थरावर ओततात. काही दिवसांनी विषाणूने खाल्लेल्या पेशींच्या जागी भोकं दिसतात, ती मोजतात. ज्या पातळपणाला भोकांची संख्या निम्मी होते, ते उत्तर. सीरम १६० पट पातळ करूनही निम्मे विषाणू अडत असतील तर १:१६०. या मोजणीत एका पायरीचा फरक, म्हणजे ८० की १६०, हा रोजच्या कामातला साधा चढउतार मानतात. घरी आलेल्या रिपोर्टवर दशांश चिन्हानंतरचा आकडा पाहून काळजी करणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

संरक्षण किती प्रतिपिंडांनी मिळतं हे ठरवायचं तर एक अवघड अट पूर्ण व्हावी लागते. साथ येण्याच्या आधी माणसांचं रक्त काढलेलं असलं पाहिजे, आणि मग साथ त्यांच्यावरून गेली पाहिजे. जाणूनबुजून हे कसं करणार? पण एकदा ते आपोआप घडलं. अमेरिकेतल्या एका शिक्षणसंस्थेत रक्तदान शिबिर झालं आणि त्यानंतर तिथेच गोवराची साथ पसरली. रक्ताचे नमुने जपलेले होते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८० रक्तदात्यांचा हिशेब आहे. ज्या नऊ जणांची साथीआधीची पातळी १२० किंवा त्याहून कमी होती, त्यातल्या आठांना गोवर झाला. पातळी १२०च्या वर असलेल्या ७१ जणांपैकी एकालाही नाही.

नऊपैकी आठ, आणि एकाहत्तरपैकी शून्य. वैद्यकात इतकी सरळ रेघ क्वचित सापडते. तरी तिथेही एक बारकावा होता. १२०च्या वर पण मध्यम पातळीवर असलेल्या काहींची प्रतिपिंडं साथीनंतर सरासरी ४३ पटींनी वाढली होती. म्हणजे विषाणू त्यांच्या अंगात शिरला होता, वाढला होता, फक्त आजार झाला नाही. संसर्गापासून वाचणं आणि आजारापासून वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढे कोविडच्या सगळ्या गोंधळाचं मूळ याच फरकात होतं.

गोवराचा विषय निघाला की रक्ततपासणी अस्तित्वातच नव्हती तेव्हाची एक नोंद सांगितल्याशिवाय राहवत नाही. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली आणि नंतर ६५ वर्षं गोवर तिकडे फिरकलाच नाही. १८४६ मध्ये तो परत आला आणि ७,७८२ लोकसंख्येपैकी सुमारे ६,००० लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पीटर लुडविग पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला तिथे पाठवलं. बेटाबेटांवर फिरून त्याने म्हातारी माणसं शोधली. १७८१ मध्ये लहानपणी गोवर होऊन गेलेले ९८ वृद्ध त्याला भेटले. त्यातल्या एकालाही दुसऱ्यांदा गोवर झाला नाही. आणि ज्या वृद्धांना पूर्वी झाला नव्हता ते मात्र तरुणांसारखेच आजारी पडले. सुई नाही, नळी नाही, यंत्र नाही. नुसती विचारपूस करून पानुमने सिद्ध केलं की ही प्रतिकारशक्ती ६५ वर्षं टिकते.

ती किती टिकू शकते याचं आधुनिक मोजमाप २००७ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातून आलं. ४५ माणसांचे जास्तीत जास्त २६ वर्षांच्या काळातले ६३० सीरम नमुने तपासून संशोधकांनी पाहिलं, की कोणत्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं निम्मी व्हायला किती काळ लागेल. कांजिण्यांना ५० वर्षं. देवीच्या लशीला ९२. रुबेलाला ११४. गालगुंडाला ५४२. आणि गोवराला ३,०१४ वर्षं. अर्थात तीन हजार वर्षं कुणी जगत नाही. आलेखाची रेघ इतकी सपाट होती, की गणित पुढे नेल्यावर हा आकडा निघाला, एवढाच त्याचा अर्थ. त्याच तक्त्यात धनुर्वाताच्या लशीला मात्र ११ वर्षंच होती. दुसरा एक गट १९१५ किंवा त्याआधी जन्मलेल्या ३२ जणांकडे गेला. १९१८च्या इन्फ्लुएंझाला तेव्हा जवळपास नव्वद वर्षं झाली होती. बत्तीसच्या बत्तीस जणांच्या रक्तात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं सापडली, आणि आठपैकी सात जणांच्या रक्तात ती बनवणाऱ्या पेशीही.

कोरोना विषाणूंची गोष्ट अशी नाही. २००३च्या सार्समधून वाचलेल्या २३ जणांना सहा वर्षांनी तपासलं तेव्हा २१ जणांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडलीच नाहीत. रिपोर्टच्या भाषेत सगळं पुसलं गेलं होतं. पण २०२० मध्ये सार्समधून बऱ्या झालेल्या दुसऱ्या २३ जणांचं रक्त वेगळ्या पद्धतीने तपासलं, तेव्हा सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी त्यांच्यात शाबूत होत्या. या पेशी प्रतिपिंडं बनवत नाहीत. विषाणू शिरलेल्या पेशी शोधून मारतात, किंवा इतरांना कामाला लावतात. साध्या अँटिबॉडी चाचणीला त्या दिसत नाहीत. कोविडनंतर सात महिन्यांनी १९ जणांच्या अस्थिमज्जेचे नमुने घेतले, तेव्हा १५ जणांत काट्याच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी बसलेल्या दिसल्या. पहिल्या चार महिन्यांत रक्तातला आकडा झपाट्याने उतरतो, कारण घाईघाईत जन्मलेल्या पेशी मरतात. पुढे उतार मंदावतो, कारण आता काम या मज्जेतल्या पेशींकडे गेलेलं असतं. हा उतार पाहून ‘माझी प्रतिकारशक्ती संपली’ असं समजणाऱ्यांनी उगाच धास्ती घेतली.

मग कोविडमध्ये प्रतिपिंडं असणं उपयोगाचं होतं की नव्हतं? होतं, आणि भरपूर होतं. ऑक्सफर्डच्या रुग्णालयांमधल्या १२,५४१ कर्मचाऱ्यांचा अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये आला. प्रतिपिंडं नसलेल्या ११,३६४ जणांपैकी २२३ जणांची पीसीआर चाचणी पुढे पॉझिटिव्ह आली. प्रतिपिंडं असलेल्या १,२६५ जणांपैकी फक्त दोघांची, आणि त्या दोघांनाही लक्षणं नव्हती. त्याच वर्षी सिएटलहून एक मासेमारी जहाज १२२ माणसं घेऊन निघालं. निघण्याआधी जवळपास सगळ्यांच्या तपासण्या झाल्या होत्या, तरी विषाणू जहाजावर पोचलाच. १०४ जणांना लागण झाली, म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशींना. निघतानाच ज्यांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं होती असे तिघे होते, तिघेही सुटले. तीन हा लहान आकडा आहे, पण कोंदट जहाजावर पंच्याऐंशी टक्के लोकांना लागण होत असताना तिघेही कोरडे राहतात, याला योगायोग म्हणणं संख्याशास्त्राला मान्य नाही.

हजारोंच्या गटात संरक्षण इतकं ठळक दिसतं, आणि तरी एकट्या माणसाच्या रिपोर्टवर ते वाचता येत नाही. असं का, याचं सगळ्यात चांगलं उत्तर मे २०२१ मधल्या एका विश्लेषणात आहे. सात लशींच्या आणि नैसर्गिक आजाराच्या आकडेवारीवरून त्यात असं निघालं, की नुकत्याच बऱ्या झालेल्या रुग्णांमध्ये निष्प्रभकारी प्रतिपिंडांची जी सरासरी पातळी असते, तिच्या सुमारे २० टक्के पातळीला लक्षणांच्या आजारापासून ५० टक्के संरक्षण मिळतं. गंभीर आजारापासून तेवढंच संरक्षण मिळायला ३ टक्के पातळी पुरते. म्हणजे अमुक आकड्याखाली धोका आणि वर सुरक्षितता अशी भिंत नाहीच. एक लांब उतार आहे, आणि त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाची शक्यता निम्मी-निम्मी. ऑक्सफर्डच्या लशीसाठी ८० टक्के संरक्षणाची पातळी २६४ प्रमाण-एककं निघाली होती. ती मोजली गेली मुख्यतः अल्फा प्रकाराच्या काळात. नोव्हेंबर २०२१ मध्ये काट्यावर तीसहून जास्त बदल घेऊन ओमायक्रॉन आला, आणि डर्बनच्या प्रयोगशाळेत जुन्या प्रतिपिंडांची निष्प्रभ करण्याची ताकद २२ पटींनी कमी भरली. कागदावरचा २६४ तोच राहिला. समोरचा विषाणू बदलला होता.

ज्यांना वाटतं की एवढ्या प्रचंड संख्येपुढे विषाणू टिकतोच कसा, त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. कोविडच्या ऐन भरात एका माणसाच्या अंगात एक अब्ज ते एक निखर्व, म्हणजे जास्तीत जास्त दहा हजार कोटी विषाणू असतात असा अंदाज आहे. एका वेळी जगभरातल्या सगळ्या रुग्णांमधल्या सगळ्या विषाणूंचं वजन एकत्र केलं तर १०० ग्रॅम ते १० किलो. रक्तातल्या आयजीजीचा नुसता हजारावा भाग त्या विषाणूविरुद्ध आहे असं धरलं, तरी एकेका विषाणूमागे दहा लाख प्रतिपिंडं येतात. पण लढाई रक्तात नसते, ती सुरू होते नाका-घशाच्या अस्तरावर. तिथे पहारा असतो तो मुख्यतः आयजीए जातीच्या प्रतिपिंडांचा. शरीर ती आयजीजीहून जास्त बनवतं, दिवसाला तीन-चार ग्रॅम, आणि अस्तरावर पाझरणारी ही आयजीए हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात मोजली जात नाही.

डेंग्यूकडे येताना मात्र हात थोडा थरथरतो, कारण इथे प्रतिपिंडं असणं हाच कधीकधी धोका ठरतो. डेंग्यूचे विषाणू चार. एका प्रकाराचा डेंग्यू झाला की त्या प्रकारापुरती प्रतिकारशक्ती दीर्घकाळ मिळते. पण तीच प्रतिपिंडं दुसऱ्या प्रकाराला अर्धवट चिकटतात, त्याला मारत नाहीत, उलट ज्या पेशींमध्ये तो वाढतो त्यांच्यात शिरायला मदत करतात. क्युबामध्ये १९७७ साली पहिल्या प्रकाराची साथ आली, १९८१ साली दुसऱ्या प्रकाराची. त्या दुसऱ्या साथीत ३,४४,२०३ रुग्ण, त्यातले १०,३१२ गंभीर, १५८ मृत्यू, आणि मृतांमध्ये १०१ मुलं. पुढे १९९७ मध्ये सांतियागो दे कुबा शहरात दुसरा प्रकार पुन्हा पसरला, तेव्हा गंभीर झालेले जवळजवळ सगळे प्रौढ होते. १९७७च्या साथीनंतर जन्मलेल्या, म्हणजे रक्तात ती जुनी प्रतिपिंडंच नसलेल्या मुलांना तशा गंभीर आजाराने गाठलं नाही. वीस वर्षांपूर्वीच्या तापाची आठवण रक्तात होती, आणि तीच घातक ठरली.

निकाराग्वातल्या हजारो मुलांच्या रक्ताचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २०१७ साली या धोक्याला आकडा मिळाला. प्रतिपिंडांची पातळी १:२१ ते १:८० या चिंचोळ्या पट्ट्यात असलेल्या मुलांना गंभीर डेंग्यूचा धोका, अजिबात प्रतिपिंडं नसलेल्या मुलांच्या साडेसात पटींहून अधिक. त्याच्या वरच्या पातळीला संरक्षण, खाली शून्याला साधा धोका, आणि मधे खड्डा. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. आधी डेंग्यू होऊन न गेलेल्या मुलांत ही लस पुढच्या डेंग्यूला अधिक गंभीर करू शकते, असं नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केलं. त्यानंतर तिथल्या पालकांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास ढासळला. आपल्याकडे पावसाळ्यात मिळणाऱ्या डेंग्यूच्या रिपोर्टवर आयजीजी ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की अनेकांना हायसं वाटतं. त्या शब्दाचा अर्थ इतकाच की पूर्वी कधीतरी चारांपैकी कोणतातरी डेंग्यू होऊन गेला असावा. कोणता, हे तो सांगत नाही. पुढच्या तापात अशा माणसाने जास्त सावध राहायला हवं, पोटात दुखणं, सतत उलट्या, रक्तस्राव यांकडे दुर्लक्ष करता कामा नये.

एचआयव्हीची प्रतिपिंडं रक्तात सापडली तर त्याचा अर्थ विषाणू अंगात आहे; संरक्षणाशी त्याचा काही संबंध नाही. हिपॅटायटिस सी बरा झाल्यावरही प्रतिपिंडं राहतात, आणि तो पुन्हा होऊ शकतो. कांजिण्यांची प्रतिपिंडं म्हातारपणीही चांगली असतात आणि तरी नागीण उठते, कारण मज्जातंतूंच्या गाठींत दडलेल्या विषाणूला दाबून ठेवणं हे टी पेशींचं काम, आणि त्या वयाबरोबर थकतात. उलट टोकाला हिपॅटायटिस बी. लशीनंतर लीटरला १० एककांची पातळी गाठली की माणूस सुरक्षित मानतात. पुढे काही वर्षांनी पातळी १०च्या खाली, कधी शून्यावर जाते, तरी निरोगी माणसाचं संरक्षण बहुधा टिकतं. हा विषाणू आजार करायला एक ते सहा महिने घेतो, आणि स्मृतिपेशींना जागं होऊन नवी प्रतिपिंडं बनवायला काही दिवस पुरतात. कोविड दोन-तीन दिवसांत घशात मुक्काम करतो. स्मृती दोन्हीकडे आहे. सवड एकाच ठिकाणी मिळते.

एका माणसाबाबत इतकी अडखळणारी ही चाचणी लाखोंच्या समूहाबाबत मात्र फार मोठं काम करते, फक्त हिशेब नीट केला पाहिजे. समजा चाचणी लागण झालेल्या शंभरांतल्या ९५ जणांना ओळखते आणि न झालेल्या शंभरांतल्या ९८ जणांना बरोबर वगळते. ऐकायला उत्तम. दहा हजार लोकांच्या गावात एक टक्का लागण असेल तर १०० लागण झालेल्यांपैकी ९५ सापडतील, आणि न झालेल्या ९,९०० जणांतून १९८ जण चुकून पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ कागद हातात असलेल्या २९३ जणांपैकी दोन तृतीयांश लोकांना आजार झालेलाच नाही. त्याच गावात साठ टक्के लागण असेल तर तीच चाचणी शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांबाबत खरी ठरते. आयसीएमआरच्या मे-जून २०२० मधल्या पहिल्या देशव्यापी सर्वेक्षणात २८,००० नमुन्यांमधून देशाची लागण ०.७३ टक्के निघाली. तेवढ्याशा टक्क्याचा अर्थ मे महिन्याच्या सुरुवातीलाच सुमारे ६४ लाख ६८ हजार संसर्ग, आणि नोंद झालेल्या एकेका रुग्णामागे ८२ ते १३० संसर्ग. अशा काळात घरच्या घरी आलेल्या एकट्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर विसंबून बेफिकीर होणं किती धोक्याचं होतं, ते या गणितातून दिसतं.

जुलै २०२० मध्ये मुंबईच्या दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतल्या तीन वॉर्डांत ६,९३६ नमुने घेतले गेले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, बाकी वस्तीत १६ टक्के. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि सार्वजनिक शौचालय, हे शहराचं वास्तव त्या दोन आकड्यांत उघडं पडलं. पुण्यातल्या पाच प्रभागांत ५१.५ टक्के निघाले, आणि पुढच्या तपासणीत त्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांत निष्प्रभकारी प्रतिपिंडं होती. ऑगस्टमध्ये मुंबईतल्या दुसऱ्या फेरीत झोपडपट्टीचा आकडा ४५ टक्क्यांवर आला. लोक महिन्याभरात असुरक्षित झाले असं त्यातून निघत नाही: नमुने वेगळ्या लोकांचे होते, आणि वापरलेली चाचणी एन प्रथिनाची होती, जिचा संकेत काही महिन्यांतच फिका पडतो. जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या देशव्यापी सर्वेक्षणात ६७.६ टक्के भारतीयांत प्रतिपिंडं होती, महाराष्ट्रात ५८ टक्के. सहा महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, ओमायक्रॉनने देशात दिवसाला साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण नोंदवले. लागण थांबली नाही; मृत्यू मात्र आदल्या वर्षीच्या लाटेहून पुष्कळ कमी झाले. संरक्षणाचा तो लांब उतार वर पाहिलाच आहे: संसर्ग टाळायला जेवढी प्रतिपिंडं लागतात, त्यांचा काही अंशही जीव वाचवायला पुरतो.

आकड्याला निःसंशय मान द्यावा अशा जागाही आहेत. मूल होऊ द्यायचं ठरवलेल्या स्त्रीने रुबेलाची आयजीजी तपासून घ्यावी. पुरेशी नसेल तर गरोदर राहण्याआधी लस घेता येते, आणि गर्भातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय वाचू शकतं. पशुवैद्य, कुत्रे पकडणारे कर्मचारी, रेबीजच्या प्रयोगशाळेत काम करणारे यांची प्रतिपिंडं ठरावीक काळाने मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुरेशी मानलेली पातळी मिलिलीटरला अर्धं एकक. त्याखाली गेली की बूस्टर. ही सगळ्या जगाने मान्य केलेली, तपासून पारखलेली रेघ आहे. आणि तरी अशा माणसाला कुत्रा चावला, तर आदल्या आठवड्याच्या रिपोर्टवर पातळी दहापट असली तरी डॉक्टर तो कागद बाजूला ठेवतात: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, त्याच दिवशी एक इंजेक्शन, आणि तीन दिवसांनी दुसरं.